बावन्न सेंटीमीटरची पेटी

माझ्या हत्यारांच्या पेटीची उंची बावन्न सेंटीमीटर आहे. पेटी मीच केलेली. एकतीस वर्षं तिच्यावर बसून चहा प्यायलो, डबा खाल्ला, भांडणंसुद्धा बसल्या बसल्या केली, पण तिची उंची मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हती. मी सुतार माणूस, दिसेल ते मोजायची खोड. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलो तरी आधी दाराची चौकट नजरेनं मोजतो, आणि ती वाकडी असली तर मला तिथला चहा गोड लागत नाही. पण स्वतःच्या बुडाखालची पेटी कोण मोजतो? त्या पेटीनं मला असं तोंडघशी पाडलं की साइटवर अजून मला बावन्न मिस्त्री म्हणतात. म्हणू देत.

आमच्या शहराचं फुटबॉलचं मैदान जुनं. एका बाजूला पत्र्याच्या छपराखाली खुर्च्या, आणि बाकी तिन्ही बाजूंना मातीचे उतार. उतारावर लाकडी फळ्या ठोकलेल्या, त्यांच्यावर उभं राहून लोक मॅच बघायचे. क्लब वरच्या गटात गेला आणि गर्दी मावेनाशी झाली. तेव्हा ठरलं, की पूर्वेचा उतार काढायचा आणि तिथे दोन मजली स्टँड उभा करायचा. नऊ हजारांचं मैदान एकवीस हजारांचं होणार होतं. त्याचं शटरिंग आमच्याकडे आलं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधीचे सगळे लाकडी साचे. पायरीन् पायरी आमच्या हातची.

मला फुटबॉल कळत नाही आणि कळून घ्यायचाही नाही, हे मी लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, बरं. आणि शनिवारी एकटी मॅचला निघून गेली होती.

ती लहानपणापासून वेडी. नऊ वर्षांची होईपर्यंत वडिलांच्या खांद्यावर बसून मॅच बघायची, पूर्वेच्या उतारावरून, कोपऱ्याच्या झेंड्याजवळून. मग एक दिवस वडील म्हणाले, बाळ, आता तू जड झालीस. तिथून पुढे चाळीस वर्षं ती त्याच जागी उभी राहिली आणि मॅच कमी, लोकांच्या पाठी जास्त बघितल्या. उंची चार फूट नऊ इंच, करणार काय? लांबचं काही तिला फटीतून दिसायचं, पण जवळचा कोपरा, जिथून कॉर्नर मारतात, तो कधीच नाही. अचानक आजूबाजूचे सगळे गप्प व्हायचे आणि एकदम चेंडू समोरच्यांच्या खांद्यांवरून वर आलेला दिसायचा. तो मारणारा किती पावलं मागे गेला, कुठे बघत होता, हे ती नंतर शेजाऱ्याला विचारायची. मी म्हणायचो, अगं, जागा बदल की. तर म्हणायची, बाबांची जागा आहे ती.

काम सुरू झालं त्या आठवड्यात ती भाजी निवडत होती आणि मी पायातले बूट काढत होतो. मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच बांधताय ना? मग मला तो कोपरा दिसला पाहिजे. बाकी काही नको."

आता माझा स्वभाव म्हणजे जीभ आधी, डोकं मागून. म्हटलं, "बुडापासून झेंडा दिसेल. नाही दिसला तर करवत खाली ठेवीन."

जुन्या प्रेक्षकांना खुर्ची निवडायचा पहिला मान होता. हिनं वरच्या मजल्यावरची दुसरी रांग धरली, अगदी कोपऱ्याच्या वर, खुर्ची एकशे बारा. त्याचा कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवला. रोज चहा करताना तो कागद माझ्याकडे बघायचा.

वरच्या मजल्याच्या पुढच्या कठड्याला क्लबला एक रुंद पत्र्याचा पट्टा हवा होता, नाव रंगवायला. आमच्या इंजिनिअर मॅडमना शंका होती, की या पट्ट्यामुळे पुढच्या रांगांना मैदानाचा जवळचा भाग दिसणार नाही. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण कामात चोख. त्यांनी सांगितलं, आधी लाकडाचा नमुना करा. मी केला. खऱ्या जागी, खऱ्या उंचीवर, तीन पायऱ्या आणि पुढे पट्ट्यासकट कठडा. मग बघायची वेळ आली. मॅडम म्हणाल्या, कुणीतरी मध्यम उंचीचा माणूस वर बसवू. मी म्हटलं, माणूस कशाला, मी आहे ना. हट्टच धरला. माझ्या एकशे बारा नंबरचा प्रश्न होता, दुसऱ्याच्या डोळ्यांवर कसा सोडू?

मॅडम खाली कोपऱ्यात झेंडा धरून उभ्या राहिल्या. मी वर दुसऱ्या पायरीवर बसलो. बायको किती ठेंगणी ते मला पाठ, म्हणून मान मोजून एक वीत खाली घेतली. झेंडा दिसला, बुडापासून, मॅडमच्या बुटांसकट. मी हात वर केला. मॅडमनी सही केली आणि वेल्डरनं त्या मापाचे चौसष्ट कठडे करून टाकले.

बसलो कशावर होतो? पेटीवर. खुर्च्या यायला अजून पाच महिने होते. साइटवर माणूस बसतो तो आपल्या पेटीवरच. मलाही काही वावगं वाटलं नाही आणि बघणाऱ्या दहा जणांनाही नाही.

उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी एका रविवारी कामगारांच्या घरच्यांना स्टँड दाखवायला बोलावलं. वर फक्त आमच्या कोपऱ्यातल्या पहिल्या दोन रांगांना खुर्च्या लागल्या होत्या, बाकी सगळं काँक्रीट मोकळं. ही नवी चप्पल घालून आली होती. मी पुढे, ती मागे, असे आम्ही जिना चढलो. वर पोचल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात खुर्च्यांचे नंबर वाचत गेलो आणि एकशे बारावर हात ठेवला. ती बसली. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि हसली.

"झेंडा दिसतो ना?" मी विचारलं.

"दिसतो की. अगदी स्पष्ट."

माझी छाती दोन इंच फुगली असेल. मी वेल्डरला हाक मारली, त्याच्या बायकोला हाक मारली, सगळ्यांना सांगितलं की बघा, हिला विचारा. तिनं सगळ्यांना सांगितलं, दिसतो म्हणून.

थोड्या वेळानं कुणाचं तरी हेल्मेट खाली पडलं ते आणायला मी मैदानाच्या कडेला गेलो. नवं गवत नुकतंच अंथरलं होतं, त्यावर पाय ठेवायला बंदी. कोपऱ्याशी आलो आणि थांबलो. तिथे झेंडा नव्हताच. गवतात नुसती एक प्लॅस्टिकची खुंटी होती. झेंडे उद्घाटनाच्या दिवशी लागणार होते.

मी वर बघितलं. कठड्याच्या पट्ट्याच्या वर मला फक्त तिचे केस दिसत होते.

सगळ्यांचं फिरणं झाल्यावर बसथांब्यापर्यंत ती छपराबद्दल बोलत होती, जिना किती रुंद आहे, खुर्चीचा निळा रंग किती छान आहे. मी हूं हूं करत होतो. तिला बसमध्ये बसवून दिलं, सांगितलं हत्यारं आवरून येतो, आणि परत वर गेलो. एकशे बारावर बसलो. मान एक वीत खाली घेतली. समोर पट्टा. कोपरा नाही, रेषा नाही, गवताचीही एक कड नाही.

माझं डोकंच फिरलं. आधी राग वेल्डरवर. त्याला शोधून काढलं आणि पट्टा रुंद केलास म्हणून आवराआवर करणाऱ्या सगळ्यांसमोर फाडफाड बोललो. तो गरीब माणूस, टेप घेऊन आला. पट्टा ड्रॉइंगप्रमाणे, कठडा ड्रॉइंगप्रमाणे, मिलीमीटरचाही फरक नाही. मग राग खुर्चीवाल्यांवर. खुर्ची मोजली, पंचेचाळीस. तीही ड्रॉइंगप्रमाणे. वेल्डर म्हणाला, मिस्त्री, बसा जरा, पाणी प्या. मी पेटी ओढली आणि बसलो.

आणि तसाच उठलो. टेप हातातच होती. बावन्न.

वेल्डरला काही कळलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतीस वर्षांत माझ्या साच्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि चुकलो तर कुठे, बसण्यात.

घरी गेलो तेव्हा ती कपडे घड्या घालत होती. मी दारातच म्हटलं, झेंडा लावलेलाच नव्हता.

तिच्या हातातली घडी अर्धी राहिली. मग हळूच हसली. "तुम्ही इतक्या हौसेनं विचारलंत," ती म्हणाली, "नाही कसं म्हणू?"

मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं, पेटीसकट. चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, जाऊ दे हो, कॉर्नर असला की सगळे गप्प होतात ते मला कळतं, चाळीस वर्षं तेच तर ऐकलंय. कुणाला सांगू नका, उगाच तुमचं नाव खराब होईल. आणि करवत बिरवत खाली ठेवू नका, माझं फडताळ अजून व्हायचंय.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द सुनावले असते, दार आपटलं असतं आणि मोकळा झालो असतो. आता काय करणार? ती म्हणते तसं गप्प बसणं अगदी सोपं होतं. सही मॅडमची होती, पट्टा क्लबचा होता, आणि त्या दोन रांगांतली उंच माणसं थोडी मान वर करून बघतील, ठेंगणी गप्प बसतील. ठेंगणी माणसं गप्पच बसतात, माझ्या घरातच एक आहे. मला फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी पेटी उचलली आणि सरळ मॅडमच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली. टेबलावरचे कागद उडाले. मी म्हटलं, मॅडम, हिच्यावर बसा आणि मग त्या खुर्चीवर बसा.

त्या हुशार. बसायची गरज पडली नाही. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही यावर बसला होतात?"

"हो. चूक माझी आहे."

त्यांनी पेटीचं झाकण बोटानं वाजवून बघितलं. मग म्हणाल्या, कशावर बसलात हे मी खालून विचारायला हवं होतं, पण मीही रोज सिमेंटच्या पोत्यावर बसून जेवते, माझ्याही लक्षात आलं नाही. मग लगेच कागद पुढे ओढला. मी चाचरत सुचवलं, की चौसष्ट कठडे कापण्यापेक्षा खुर्च्या उचलल्या तर? ब्रॅकेटखाली सात सेंटीमीटरचे ठोकळे टाकायचे. त्यांनी रेघा मारल्या, आकडे मांडले. वरच्या मजल्याच्या पायऱ्या चांगल्या खड्या, त्यामुळे तिसऱ्या रांगेचं काही बिघडत नव्हतं. बाकी स्टँडच्या खुर्च्या अजून लागायच्याच होत्या. लागलेल्या दोन रांगा काढून पुन्हा लावायला आम्हाला चार दिवस लागले. वेल्डरनं ठोकळे केले आणि मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, मिस्त्री, माफी राहू दे, पेटी मोजून घेतली हे बरं केलं. त्याच दिवसापासून मी बावन्न मिस्त्री.

उंच झालेल्या खुर्चीवर ठेंगण्या माणसाचे पाय लोंबकळणार हे उघड होतं, म्हणून पुढच्या दोन्ही रांगांना खाली पाय टेकायला फळ्या ठोकल्या. एकशे बाराची फळी मात्र वेगळी. जुना उतार काढला त्या दिवशी कोपऱ्याजवळची एक फळी मी बाजूला काढून ठेवली होती. साच्याला उपयोगी पडेल, असं सगळ्यांना सांगितलं होतं. रंधा मारला तर आतलं लाकूड अजून खणखणीत. मॅडमनी विचारलं, ही एकच का निराळी? मी म्हटलं, जुनी आहे पण मजबूत आहे.

उद्घाटनाच्या मॅचला मला मिस्त्री म्हणून पास मिळाला होता, एकशे तेराचा. जन्मात पहिल्यांदा मी मैदानाकडे तोंड करून बसलो. एकवीस हजार माणसं माझ्या पायऱ्यांवर बसली होती आणि एकही पायरी कुरकुरली नाही. बायकोनं बसताना खाली बघितलं, चपला काढल्या आणि अनवाणी पाय फळीवर ठेवले. फळीबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती पायाच्या अंगठ्यानं लाकूड चाचपत होती.

पहिला कॉर्नर विसाव्या मिनिटाला मिळाला, आमच्याच कोपऱ्यात. सगळे गप्प झाले. क्लबचा एक डावखुरा खेळाडू चालत आला. हिनं माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. त्यानं चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, मारला. चेंडू गोलच्या वरून कुठच्या कुठे गेला आणि सगळे हळहळले. मला वाटलं, हिचाही विरस झाला असेल.

ती अजून झेंड्याकडेच बघत होती. डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं.

"अहो," ती म्हणाली, "ठेवायच्या आधी तो चेंडू बाहीनं पुसतो. मला माहीतच नव्हतं."

मग तिनं मनगट सोडलं आणि पुढचं बघू लागली. मीही बघितलं. त्या दिवशी आमच्या कोपऱ्यात आणखी पाच कॉर्नर झाले, आणि पाचही वेळा त्यानं चेंडू पुसला.