मावशींचा तास

कॉलेजचा साठ वर्षांचा इतिहास छापून आलाय, गुळगुळीत कागदावर. त्यात झाडून सगळ्या डीनचे फोटो आहेत, पण मावशींच्या तासाबद्दल अवाक्षर नाही. आता काय बोलायचं! अकरा विद्यार्थी आणि एक जुनं गोदाम एवढ्यावर हे मेडिकल कॉलेज उभं राहिलं, तेव्हाच पहिल्या डीननी ठरवलं होतं की पहिल्या वर्षाचा पहिला तास वॉर्डातल्या मावशींनी घ्यायचा. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, एवढाच धडा. पुढे नर्सिंग आलं, फिजिओथेरपी आली, इमारतीवर मजले चढले, तरी तास चालूच राहिला.

गेली बावीस वर्षं तो घेणाऱ्या मावशी म्हणजे अंगाने चवळीची शेंग. वर्षभर त्या बेडपॅन उचलायच्या, पण त्या एका दिवशी शंभर होतकरू डॉक्टर त्यांच्यापुढे चिडीचूप बसायचे. आणि एके वर्षी नेमकं त्याच दिवशी तपासणी समिती वर्गात येऊन टपकली. अध्यक्ष मोठे सर्जन. वेळापत्रकावर बोट ठेवून म्हणाले, हा तास कशाला, काढून टाका. डीनबाईंनी लगेच काट मारायला पेन उघडलं.

पण गप्प बसतील त्या मावशी कसल्या! त्यांनी सरळ अध्यक्षांनाच धड्यासाठी मांडलेल्या खाटेवर आडवं व्हायला सांगितलं. साहेब हसतहसत झोपले. मावशींनी 'आता वळवा यांना' म्हणताच समितीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी काही न सांगता त्यांना दंडाला धरून एकदम ओढलं, तसे साहेब दचकले आणि दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट पकडून राहिले.

मग मावशी पुढे झाल्या. आधी साहेबांच्या नजरेला नजर दिली.

"साहेब, आता तुम्हाला माझ्याकडे वळवते. गुडघा वाकवा. मी धरलंय."

एक हात खांद्यावर, एक कमरेवर. एवढा धिप्पाड माणूस अलगद वळला. वळला तो तसाच पडून राहिला.

"तीस वर्षं ऑपरेशनं करतोय," ते हळूच म्हणाले, "पण पेशंटला आधी सांगायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही."

उठून त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: तास कायम ठेवावा, सगळ्या अभ्यासक्रमांना लावावा, आणि प्राध्यापकांनीही बसावं. वर्गात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मावशींना रडू आवरेना. पदराने डोळे पुसून त्या डीनबाईंकडे वळल्या.

"चला बाई, आता तुम्ही झोपा."