नाय म्हणणारी मोटर

सांडूची मोटर तयार झाल्याचं कळलं तेव्हा दगडाबाई मावशीनं पहिला सवाल केला, “बसायचं कुठं?”

“ही बसायची नव्हं, मावशे. ही नुसती फिरती.”

“मंग फिरून करती काय?”

“काय नाय. फिरती.”

“म्हंजे तुझ्या मावसावानी,” मावशी म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

सांडू मूळचा देवगाव रंगारीचा. पडेगावला मावशीकडं राहायचा आणि रोज चालत औरंगाबादच्या सरकारी शाळेत यायचा. राज्य निजामाचं, शिकवणं सगळं उर्दूत. त्यामुळं सांडूला विजेची मराठी येत नव्हती आणि शेतीची उर्दू. सायन्सचे कमरोद्दीन मास्तर भला माणूस. त्यांनी वर्गात जाहीर केलं होतं, की तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे अधिकारी मोहतमीम साहेब मुआयन्याला, शाळा तपासायला येणार आहेत. पोरांनी केलेल्या चीजांतली जी पसंत पडेल ती हैदराबादच्या नुमाइशीत, मोठ्या प्रदर्शनात जाईल, आणि ती बनवणारा पोरगाही सोबत जाईल. एक चीज, एक पोरगा.

सांडू आणि बद्रीनाथ एका बाकावर बसायचे. बद्रीनाथचं घर गुलमंडीजवळ, बापाचं दुकान. दुकानातले बॅटरीचे सेल त्यानं आणले. बाकी सगळं सांडूनं. तरी बद्रीनाथ आपण होऊन म्हणाला होता, “हैदराबादला तूच जा. माझा मामाच आहे तिथं, मी तीनदा जाऊन आलोय.” एवढ्यावर न थांबता त्यानं खडकेश्वराच्या देवळात पिंडीवर हात ठेवून शपथही घेतली. सांडूनं ही बातमी गावाकडं कळवली. बापानं, कडूबानं, सगळ्या गावाला सांगितलं. मावशीनं हैदराबादेत घालायला नवा सदरा शिवला, आणि घडी मोडंल म्हणून तो सांडूला अंगाला लावूनसुद्धा बघू दिला नाही.

मोटर बशीत मावेल एवढी होती. लाकडाच्या फळीवर मावशीच्या दोन सेफ्टी पिना उभ्या केलेल्या. पिनांच्या डोळ्यांत तांब्याच्या तारेचं वेटोळं अडकवलेलं, ते दौतीवर गुंडाळून गोल केलेलं. खाली मोडक्या सायकलच्या डायनामोतलं लोहचुंबक. तारेवर व्हार्निशचा पातळ थर असतो. तो खरडल्याशिवाय वीज आत शिरत नाही. सांडूनं एक टोक सगळीकडून खरडलं. दुसरं मुद्दाम अर्धंच खरडलं. एक बाजू लख्ख, दुसरी तशीच काळपट.

“अर्धंच का?” बद्रीनाथनं विचारलं होतं.

“झोका देतो ना आपण? पुढं जाताना ढकलायचा, माघारी येताना हात काढून घ्यायचा. येतानाबी ढकलला तर झोका अडतो. तसंच हे. अर्धा फेरा वीज ढकलती, अर्धा फेरा गप बसती.”

“हां, हां,” बद्रीनाथ बोराची बी थुंकत म्हणाला.

पडेगावच्या रस्त्याला दगड फार, नाजूक वेटोळं हिंदकळून वाकडं होईल, म्हणून मोटर बद्रीनाथच्या घरीच असायची. शाळा सुटली की सांडू तिथं जायचा. बद्रीनाथची आई, आवडाबाई काकू, माणूस मायाळू. सांडूला पेरू कापून द्यायच्या, वर तिखटमीठ. त्या एका पांढऱ्या रुमालावर कशिदा काढत बसलेल्या असायच्या. एकदा हिरव्या दोऱ्याची लड उलगडायची होती, तेव्हा सांडूनंच ती दोन्ही हातांवर ताणून धरली.

“काय काढताय, काकू?”

“मोर.”

“कुणासाठी?”

“आहे एका गुणी लेकरासाठी,” काकू म्हणाल्या. सांडू लाजला.

मुआयन्याच्या दिवशी शाळा ओळखू येईना. भिंतींना चुना, झाडांना गेरू. कुंड्यांतल्या रोपांना फुलं नव्हती म्हणून दुसरीकडची आणून दोऱ्यानं बांधली होती. चपराशानं घंटा इतकी घासली होती की तो तिला कुणाला हात लावू देईना, म्हणून त्या दिवशी शाळा भरल्याची घंटाच झाली नाही. पोरं अंदाजानं आत गेली.

बद्रीनाथ मोटर घेऊन आला. तिच्यावर रुमाल होता. रुमालावर हिरवा मोर, आणि मोराच्या पायाशी उर्दू अक्षरांत, लाल दोऱ्यानं: बद्रीनाथ.

सांडू त्या रुमालाकडं बघत राहिला. कशिदा एका रात्रीत होत नसतो. काकू पेरू कापत होत्या तेव्हाही ही अक्षरं ठरलेली होती. त्यानं लड धरली होती तेव्हाही.

“हे काय?”

“रुमाल.”

“नाव एकच दिसतंय.”

“जागा नव्हती. मोर मोठा झाला.”

“आन हैदराबाद?”

“मामानं बोलावलंय.”

“अरं, तू शपथ घेतली व्हती! खडकेश्वराची!”

“मग? ‘तू जा’ अशी घेतली होती. ‘मी जाणार नाही’ असं कुठं म्हटलं?”

खडकेश्वराला ही पळवाट तेव्हाच दिसली असणार, पण देव बोलत नाहीत. सांडू काही बोलणार तेवढ्यात मोहतमीम साहेब आत आले. काळी शेरवानी, मागं कमरोद्दीन मास्तर, त्यांच्या मागं हेडमास्तर, आणि सगळ्यांच्या मागं कारण नसताना दोन माळी.

“ये किसने बनाया?”

“मैंने, हुजूर. अकेले ने,” बद्रीनाथ म्हणाला, आणि त्यानं सेलला तार जोडली.

वेटोळं थरथरलं. थोडं उजवीकडं वळलं, थांबलं, डावीकडं वळलं, परत उजवीकडं. फिरलं मात्र नाही.

साहेबांनी चष्मा पुसला. “फिर से कहो.”

“मैंने बनाया, हुजूर.”

मोटरीनं परत नकारार्थी मान हलवली.

“ये तो इन्कार कर रही है,” साहेब म्हणाले. मास्तरांना खोकल्याची उबळ आली.

बद्रीनाथ पांढरा पडला. मग त्याला एकदम आठवलं, की आपल्याला एक भागीदार होता. “तार सांडू ने छीली थी, हुजूर! आधी छोड़ दी थी, कामचोर! रात को बैठके मैंने पूरी छीली, चमकाई!”

आता सांडूला कळलं. दुसरं टोकही लख्ख केलं होतं. वीज जातानाही ढकलत होती, येतानाही. मोटर चालेल असं वाटत होतं तोवर ती बद्रीनाथची एकट्याची होती. अडली तशी सांडूची झाली.

त्याला गप्प बसता आलं असतं. हैदराबादला मग कुणीच गेलं नसतं. पण एवढ्या माणसांत आपली मोटर अशी वेड्यासारखी मान हलवतेय, हे त्याला बघवेना. टेबलावर परीक्षेचे गठ्ठे सीलबंद करायची लाख होती. सांडूनं काडी पेटवून ती वितळवली, टोकाच्या एका बाजूला तिचा पातळ हात फिरवला, फुंकर मारली आणि वेटोळं पिनांत ठेवून बोटानं टिचकी दिली.

मोटर भिंगरीसारखी फिरायला लागली. माळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“वाह!” साहेब सांडूला म्हणाले. “अच्छे मिस्त्री हो तुम. बनाने वाला बनाता है, मिस्त्री मरम्मत करता है.” मग रुमालावरचं नाव वाचून हेडमास्तरांना म्हणाले, “हैदराबाद बनाने वाला जाएगा.”

“हुजूर, मगर…” कमरोद्दीन मास्तर म्हणाले.

“जी?”

मास्तरांनी सांडूकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. “फूल मुलाहिजा फरमाइए, हुजूर,” ते म्हणाले, आणि साहेबांना बांधलेली फुलं दाखवायला घेऊन गेले. दारातून त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. न पाहतेच तर बरं झालं असतं.

गाडीच्या दिवशी सांडू नवा सदरा घालून स्टेशनावर गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मावशी म्हणाली होती, “सदरा शिवलाय तर स्टेशन तरी दाखीव त्याला.”

फलाटावर आवडाबाई काकूंनी त्याच्या हातात पेरू ठेवला. तिखटमीठसुद्धा पुडीत बांधून आणलं होतं. “तूच खरा मित्र रे,” त्या म्हणाल्या. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, हेच वाईट होतं.

बद्रीनाथ खिडकीत बसला होता. मांडीवर मोटर, मोटरीवर मोर.

“सांडू, ए सांडू! त्या टोकावर लाखेचा डाग पडलाय. फार घाण दिसतो रे. नुमाइशीत लोक काय म्हणतील? ठेवू का खरडू?”

झोक्याचं त्याच्या ध्यानात कधी राहिलंच नव्हतं. सांडूनं मोराकडं बघितलं. मोर खरंच मोठा झाला होता. तरी शेपटीखाली दोन नावांची जागा आरामात होती.

“खरडून टाक,” तो म्हणाला. “दोन्ही टोकं लख्ख पाह्यजेत. मोठी माणसं बघणार.”

“खरंच?”

“खडकेश्वराची शपथ.”

शिट्टी झाली. गाडी हलली. खिडकीसोबत तो चार पावलं धावला. ओरडून खरं काय ते सांगावं, असं त्याला वाटलं, तोंडही उघडलं.

पण तोवर बद्रीनाथनं खिशातून चाकू काढला होता.

“बघ,” आवडाबाई काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “किती निगा राखतो माझं लेकरू.”