तीन नंबर चाळीचा सरळ फोटो

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण या सगळ्या प्रकरणात मी ज्याच्यावर सगळ्यांत जास्त चिडलो तो मीच होतो.

साल अठ्ठ्याण्णव. गिरणी संपाला सोळा वर्षं झाली होती, तरी लालबागच्या आमच्या गल्लीत 'संपाआधी' आणि 'संपानंतर' अशीच कालगणना चालायची. वडील संपानंतर गावी गेले ते तिकडचेच झाले. मी गळ्यात कॅमेरा अडकवून इथंच राहिलो. लग्नं, बारशी, दुकानांच्या पाट्या, जे मिळेल ते टिपायचं. मार्चमध्ये एका इंजिनिअरनं तीन नंबर चाळीचे फोटो काढायला सांगितले. मालकाला दुरुस्ती करायची असेल असं मी गृहीत धरलं, विचारायची तसदी काही घेतली नाही. गल्ली जेमतेम बावीस फुटांची. समोरच्या भिंतीला पाठ टेकवली, वाइड लेन्स लावली, कॅमेरा वर उचलला आणि दहा मिनिटांत मोकळा झालो.

मे महिन्यात चाळीला नोटीस लागली. इमारत धोकादायक आहे, महिन्याभरात खाली करा. नोटिशीसोबत अहवाल होता आणि अहवालात माझा फोटो. त्याची डावी बाजू कापून टाकली होती. उरलेला उजवा कोपरा वरच्या बाजूला चांगला फूटभर आत झुकलेला दिसत होता, आणि खाली लिहिलं होतं, 'इमारत कलली आहे, छायाचित्र क्रमांक चार पाहावे.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, हे फोटोग्राफीच्या पहिल्या इयत्तेतलं ज्ञान. ताजमहाल असा काढला तर तोही कललेला दिसेल. ती चाळ कलली नव्हती, मी कॅमेरा कलवला होता. आणि त्यावर अडतीस बिऱ्हाडं रस्त्यावर येणार होती.

चाळ कमिटीचे अध्यक्ष तुळशीदास धुरी. मूळचे मालवणकडचे, मिलमध्ये फिटर होते, सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं कबूल केलं. शिव्या पडतील म्हणून तयारीनं गेलो होतो. मामांनी शिव्या दिल्या नाहीत, अहवालातला फोटो नुसता माझ्यापुढे सरकवला.

"सोमवारी वॉर्ड ऑफिसात सुनावणी आसा," ते म्हणाले. "तुझ्या फोटोन नोटीस हाडली. आता तुझोच फोटो ती परत नेतलो. कसो, ता तू बघ."

मी तडक माझगावला फ्रँककाकांकडे गेलो. फ्रँक परेरा म्हणजे आयुष्यभर गोदीतली जहाजं आणि जुनी चर्चं टिपलेला माणूस. त्यांनी माझा फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काय रे रमाकांत, मान वर केली ना कॅमेऱ्याची? चर्चसमोर असा फोटो काढला असता तर फादरनी मला बाहेर काढला असता."

कपाटातून त्यांनी दोन शिफ्ट लेन्स काढल्या. या लेन्सची गंमत अशी की कॅमेरा अगदी सरळ, पाणसळीत ठेवायचा आणि एक स्क्रू फिरवून नुसती लेन्स वर सरकवायची. कॅमेऱ्याची मान ताठच राहते, म्हणून उभ्या रेषाही उभ्याच राहतात आणि तरी चाळीचा वरचा मजला चौकटीत येतो. मला त्यातली पस्तीस मिलिमीटरची आवडली. ती नवी होती, काच लखलखीत होती.

"ती नको," काकांनी माझ्या हातातून काढून घेतली. "बावीस फुटांच्या गल्लीत पस्तीस काय करणार? दोन खिडक्या येतील. ही अठ्ठावीसची घे, जास्त रुंद बघते, म्हातारी आहे पण तुझ्या कामाची. आणि जमिनीवरून नको काढू, समोरच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर चढ. एक फोटो लेन्स वर सरकवून, एक खाली सरकवून. मग दोन्ही जोड. शेवटपर्यंत सरकवलीस तर कोपरे काळे होतात, तेवढं सांभाळ."

"काका, एवढी महागाची लेन्स…"

"तुटली तर रडू आपण दोघं. जा आता."

रविवारी सकाळी समोरच्या चाळीच्या गॅलरीत मी स्टँड लावला. मामांनी मिलमधला पितळी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते पाहायचं दोरीचं वजन, आणला होता. संपाच्या आदल्या दिवशी घरच्या चौकटीसाठी आणलेला तो परत द्यायचा राहून गेला होता. "द्यायचो कोणाक?" ते म्हणाले. त्यांनी तो गच्चीवरून काठीला बांधून उजव्या कोपऱ्याच्या कडेनं जमिनीपर्यंत सोडला. दोरी आणि भिंत यांत वरपासून खालपर्यंत चार बोटांचं अंतर दिसलं की अधिकाऱ्याला वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

कल्पना झकास होती. फक्त तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीच्या आनंदीबाईंनी नेमकं तेव्हाच नऊवारी लुगडं वाळत घातलं. तेही दांडीवर नव्हे, तर खिडकीतून असं सोडलं की भिंतीची कड आणि दोरी दोन्ही झाकली गेली.

"आनंदीबाई, लुगडं काढा की!" मी ओरडलो.

"वलं हाय," पलीकडून उत्तर आलं. "वाळल्याबिगर काढायची न्हाई."

आनंदीबाई साताऱ्याकडच्या. नवरा मिलमध्ये विणकर होता, संपानंतर चार वर्षांनी वारला. तेव्हापासून त्या एकट्याच होत्या, मसाले कुटून पोट भरत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अख्ख्या चाळीचं भवितव्य टांगणीला लागलंय आणि या बाईला लुगड्याची पडलीय!

"तुमच्यामुळे सगळ्यांना घर सोडावं लागेल, कळतंय का?" मी बोलून गेलो. बोललो आणि लाज वाटली, कारण घर सोडायची वेळ कोणामुळे आली होती हे मला ठाऊक होतं. मामा आनंदीबाईंकडे गेले, दोघांत काहीतरी बोलणं झालं आणि हळूहळू लुगडं आत ओढलं गेलं.

मी डोळा कॅमेऱ्याला लावला. लेन्स वर सरकवली. चाळ अशी ताठ उभी राहिली की माझा जीव भांड्यात पडला. दोरी सरळ, खिडक्या सरळ, कड सरळ. आणि मग तिसऱ्या मजल्यावर मला दिसलं की भिंत दोरीला जाऊन चिकटली होती. चार बोटांचं अंतर तिथं उरलंच नव्हतं. आनंदीबाईंच्या खोलीची भिंत बाहेर फुगली होती, आणि ही करामत कॅमेऱ्याची नव्हती.

मामा धापा टाकत माझ्याकडे आले. मी त्यांना कॅमेऱ्यातून बघायला लावलं.

"दोरी काढून घेऊ," मी हळूच म्हणालो. "दोरी नसली तर एवढंसं कुणाच्या लक्षात येणार नाही. बाकी चाळ सरळच आहे की."

मामांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"पयल्यांदा न बघता खोटो फोटो काढलंस. आता बघून काढतलंस?"

मी स्टँडचा स्क्रू उगाच आवळला.

"ती भिंत तिच्या अंगावर पडली, तर ह्या फोटोचा आपण काय करूचा? ऱ्हवांदे दोरी. काढ."

मी काढला. खात्रीसाठी तीनदा काढला.

सोमवारी अधिकाऱ्यानं आमचे जोडलेले फोटो आणि अहवालातला फोटो शेजारी ठेवले. बराच वेळ पट्टी लावून पाहिलं. फोटोची डावी बाजू का कापली, असं इंजिनिअरला विचारलं, तेव्हा तो कागद चाळत बसला. चाळ खाली करण्याची नोटीस रद्द झाली. पण कोपऱ्याच्या वरच्या खोल्या लगेच रिकाम्या करून टेकू द्यायचे, भिंत नव्यानं बांधायची, असा आदेश निघाला. दोन खोल्यांना कुलूपच होतं. राहतं घर एकट्या आनंदीबाईंचं गेलं, निदान काही महिन्यांसाठी. मामांनी आपल्या खोलीत त्यांची सोय केली.

सामान उतरवायला मीही गेलो. खलबत्ता मी उचलला. जिना उतरताना मी बोलून टाकलं.

"आनंदीबाई, माझ्या फोटोनं तुमचं घर गेलं. आणि त्या दिवशी मी नको ते बोललो."

त्या पायरीवर थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यात राग अजिबात नव्हता.

"मला दोन वरसांपास्नं ठावं हुतं, बाळा. सांगितलं तर समद्यांनाच भाईर काढत्याल, म्हून बोलले न्हाई. लुगडंबी त्यापायीच सोडलं हुतं. रोज रातच्याला भिंतीला हात लावून निजायची. हलली तर आधी मला कळंल, मग खालच्यांस्नी हाक तर मारीन." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आज दोन्ही हात उशाला घिऊन झोपंन."

मी खलबत्ता तसाच छातीशी धरून उभा राहिलो, आणि त्याच मला म्हणाल्या, "चल, जड हाय ते."