नाथाजीचं बी

लढाईवरून जोतिबा घरी आला तो एक फुफ्फुस निकामी होऊन. सोबत तंबाखूच्या डबीत मूठभर बी होतं. "इटलीतलं हाय, सूर्यफुलाचं. पेर," एवढंच तो बायकोला म्हणाला.

अंबूबाईनं ते विहिरीकडेला टोकलं. नवऱ्याचं औषध आणायला साताऱ्याच्या दवाखान्यात गेली तेव्हा तिनं एक फूल नेलं. नर्स पद्माबाईंना ते फार आवडलं. "दर बुधवारी आणाल का? वॉर्डात ठेवू."

मग पुढच्या चैत्रापासून ती दर पंधरा दिवसांनी एकेक सरी टोकू लागली, म्हणजे फुलं एकदम न येता मागोमाग येत राहतील. बुधवारी झुंजुमुंजू असतानाच, पाकळ्या नुकत्या सुटलेली फुलं हातभर देठ ठेवून कापायची, पानं काढायची, बादलीत उभी करायची अन् बादली डोक्यावर घेऊन तीन कोस चालायचं. आषाढात वाऱ्यानं दोन सऱ्या लोळवल्या; तिनं काठ्या रोवून झाडं बांधली. घरी आल्यावर म्हैस, भाकरी, नवऱ्याची छाती शेकणं होतंच. दमलेय म्हणायलाही तिला सवड नव्हती.

भाद्रपदात जोतिबालाच त्या वॉर्डात ठेवावं लागलं. पद्माबाईंनी त्याच्या उशाशी दोन फुलं ठेवली, तसं त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मळ्यातबी तुमी ह्या सऱ्यांकडं कवा फिरकला न्हाई," अंबूबाई म्हणाली. "का वो?"

तो धापा टाकत सांगू लागला.

"असल्याच फुलांच्या रानात जखमी हून पडलो हुतो आमी. वडूजचा नाथाजी शेजारी. आईला न्यायचं म्हणून त्यानं बी खिशात भरलं. सांजंला तो गेला. त्याच्या आईला द्यायचं हुतं, पर पाय उचललं न्हाईत, गं."

"आन मला पेराय लावलंत."

"बी मरंल म्हणून."

त्यानंतर तिनं शेवटची सरी कापलीच नाही. आश्विनात फुलं वाळली, तिनं बी चोळून काढलं अन् सर्व्हिस मोटारीनं वडूज गाठलं.

नाथाजीची आई धोंडुबाई अंगणात बाजरी पाखडत होती. अंबूबाईनं सगळं सांगून गाठोडं तिच्या ओटीत ठेवलं. म्हातारी रडली नाही.

"लय येळ लागला का त्येला?"

"ते ठावं न्हाई, आत्याबाई. पर मालक शेजारी हुतं. एकला नव्हता."

धोंडुबाई मान हलवत राहिली. मग म्हणाली, "बरं वाटलं की मालकास्नी घिऊन ये. त्यांच्या तोंडनं ऐकीन." तिनं अंबूबाईच्या सुजलेल्या पायांकडं पाहिलं अन् सोप्यात घोंगडं टाकलं. "आदी तू जरा आडवी हो."

अंबूबाई नको म्हणाली नाही. पडल्या पडल्याच तिचा डोळा लागला.