झेंडूखालची फोर्ड

उमेळ्याच्या फर्डिनंडने मुलीचं लग्न ठरवताना एकच अट घातली होती: नवरीला चर्चला न्यायला बुईक हवी. मुलाचा काका सिप्रियन लगेच हो म्हणाला. वांद्र्याच्या एका साहेबाची बुईक आपण मागू तेव्हा मिळते, असं त्याचं मत होतं. साहेबाचं मत वेगळं निघालं आणि ते त्याने लग्नाच्या आदल्या दिवशी कळवलं.

म्हणून १९५३ सालच्या त्या सकाळी फर्डिनंडच्या अंगणात जे आलं, ते मोटार आहे हे फक्त चाकांवरून कळत होतं. बाकी सगळा झेंडू आणि नारळाच्या झावळ्या. उमेळ्यात मोटार म्हणजे मोटार. बायकांनी बुईक डोळे भरून पाहिली. फर्डिनंड तर शेजाऱ्याला म्हणाला, "आवाज ऐकलास? श्रीमंत आहे."

नवरी फ्लॉसी पांढऱ्या झग्यात पायरीवर उभी होती. तिची आधीची दोन लग्नं मोडली होती, एक बँडवरून आणि एक पंगतीवरून. तिसरं मोडलं तर आपण चर्चमध्ये तिच्या लग्नाची घोषणा पुन्हा वाचणार नाही, असं फादरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

फ्लॉसीच्या भावाची मुलगी इनेझ पाच वर्षांची. तिला बाहुल्यांचं काही नव्हतं, मोटारींचं वेड होतं. रस्त्यावरच्या मोरीवर बसून ती गाड्यांची तोंडं ओळखायची. ऑस्टिन रुसलेली, शेवरोले दात काढून हसणारी, मॉरिसचे डोळे बेडकाचे. या गाडीला तोंडच नव्हतं, हे तिला पटेना. ती रांगत गाडीखाली गेली आणि नाकाला तेल लावून बाहेर आली.

"ही फोर्ड आहे," ती म्हणाली. "जेम्स अंकलची. खालून तसंच गळतंय."

माणिकपूरचा टॅक्सीवाला जेम्स उसनी टोपी घालून स्टिअरिंगमागे बसला होता. गाड्यांची नावं तिला त्यानेच शिकवली होती. "हुशार पोर आहे," तो म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं हे शेवटचं धड वाक्य.

"सिप्रियन," फर्डिनंड म्हणाला, "फुलं काढ."

"शोभा जाईल, व्याही."

"शोभेचं मी बघतो."

त्याने ते मांडवाच्या बांबूने बघितलं. सिप्रियनचं नाक वाकडं झालं. मग सिप्रियनच्या पुतण्यांनी फर्डिनंडला विहिरीच्या कठड्यावर आपटलं आणि त्याच्या दोन बरगड्या गेल्या. जेम्सला दोघांनी खिडकीतून ओढून काढलं. त्याचे पुढचे दात झेंडूत पडले, ते कुणी शोधले नाहीत. नवरीच्या भावाने एकाचा कान चावला आणि थुंकून टाकला. बँडवाले तटस्थ होते, म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी मारलं. ढोल फाटून एकाच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत गेला, आणि तो माणूस तसाच ढोलासकट लढत राहिला.

"लग्न रद्द," बरगड्या धरून फर्डिनंड म्हणाला.

"रद्दच," नाक धरून सिप्रियन म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

फ्लॉसी पायरी उतरली. गाडी चालू करायचं लोखंडी हँडल मातीत पडलं होतं, ते तिने उचललं. पहिला फटका सिप्रियनच्या गुडघ्यावर, दुसरा बापाच्या खांद्यावर. दोघेही बसले. मग ती गाडीकडे वळली आणि बॉनेटवरचा झेंडू झोडपून काढायला लागली. झावळ्या उडाल्या, जाळी दिसली, डावा दिवा फुटला.

"फोर्ड आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनी नीट बघून घ्या. अजून कुणाला बुईक पाहिजे?"

कुणाला नको होती.

त्या अंगणात तोवर कुणी रडलं नव्हतं. आता इनेझने मोठ्याने भोकाड पसरलं. "तिचा डोळा फुटला, आत्या."

"नवा लावू," फ्लॉसी म्हणाली. "चल, पुढे बस. जेम्स, गाडी काढ."

जेम्स काहीतरी म्हणाला. दातांशिवाय ते कळलं नाही, पण गाडी निघाली. बाकीचे मागून लंगडत आले.

वसईला लग्न वेळेवर लागलं. नवरदेव व्हॅलेरियनने नवरीच्या झग्यावरचं रक्त पाहिलं आणि शहाण्या माणसासारखा हात पुढे केला. गायनमंडळात नवरीकडचेच लोक होते आणि बहुतेकांचे ओठ फुटलेले, त्यामुळे गीत नुसतं गुणगुणलं गेलं. इतकं नम्र गायन या चर्चमध्ये आजवर झालं नव्हतं, असं फादर प्रवचनात म्हणाले.