पहिली पायरी कुठली

शिवांजली अकरा वर्षं हवा आणि तापमान यांच्यापासून जागा घडवत होती. पुण्यात तिने धुक्याची खोली केली, नंतर वाऱ्याचा जिना. लोक आत जात, फोटो काढत आणि निघून जात. फलटणजवळच्या या गावातलं सभागृह ही तिची पहिलीच वास्तू, जिथे माणसं कामासाठी बसणार होती.

सभागृहाला भिंती नव्हत्या. उंच छपराखाली जमिनीत उतरत गेलेल्या सात दगडी पायऱ्या. गार हवा जड असते, ती खाली साचते. मे महिन्यातल्या दुपारी वरच्या पायरीवर सदतीस अंश, तळाला अठ्ठावीस. हिशेब अचूक होता. गावातली मोठी माणसं कुठे बसतात, एवढंच त्यात धरलेलं नव्हतं.

पहिल्याच ग्रामसभेत विषय आला: चारी बाजूंनी पत्रे ठोकून एसी बसवावा. म्हणजे शिवांजलीच्या कामाचा डबा होणार होता.

सरपंच आप्पासो, निवृत्त सुभेदार मानसिंग आणि सोसायटीचे चेअरमन लालासाहेब फेटे बांधून सगळ्यात वर खुर्च्या टाकून बसले होते. बायका तळाला.

"मॅडम, लय उकडतंय," आप्पासो म्हणाले.

"खाली बसून बघा ना."

"सरपंचानं खाली बसायचं? मग वर कोण, तुमी?"

तळातून त्यांच्या पत्नी चंद्राबाई पदर खांद्यावर ओढत म्हणाल्या, "आवं, हितं लय गार हाय. शिंका याय लागल्यात."

मानसिंग माईकची वायर तपासायला म्हणून खाली गेले आणि परत आले नाहीत. त्यांना बोलवायला लालासाहेब गेले. तेही तिथेच बसले.

"एसी पायजे त्यांनी हात वर करा," घाम पुसत आप्पासो म्हणाले. एकच हात वर झाला, त्यांचा.

त्यांनी हात खाली घेतला. मग ग्रामसेवक दादासोंना म्हणाले, "ल्हिवा. आजपासनं पायऱ्या खालनं मोजायच्या. तळाची पहिली. सरपंच पहिलीवर." आणि खुर्ची उचलून खाली आले.

"मग आमी कुठं?" चंद्राबाईंनी विचारलं.

"सातवीवर."

"व्हय? दादासो, एसीचं परत मतदान घ्या." तळातल्या सगळ्या बायकांचे हात वर गेले.

शिवांजली उठून उभी राहिली. आप्पासोंनी हात मोजायला सुरुवात केली, बारावर थांबले, आणि खुर्ची बाजूला सारून दगडावरच बसले.

"सरक रं लालासाहेब," ते म्हणाले. "बायकांस्नी जागा दे."