बाळ नेमकं कुठे

फारकर मेंढ्यांची लोकर कातरायला पलीकडच्या ओसाड बेटावर निघाला, तशी त्याची भावजय मारसली न विचारताच होडीत जाऊन बसली. अठ्ठ्याहत्तरीची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण हट्ट तरण्या पोरीचा.

"वहिनी, तिथं काय बघणारेस? पडकं चर्च अन् मेंढ्यांच्या लेंड्या!"

"माझं बाळ आहे तिथं. तू गुमान होडी चालव."

त्यांच्याकडे बायका कबरीपर्यंत जात नसत. पेटी उंबऱ्याबाहेर पडली की बायकांनी चहाचं आधण ठेवायचं आणि पुरुषांनी या बेटाकडे वल्ही मारायची. त्यातून त्या हिवाळ्यात मारसली स्वतःच तापाने अंथरुणाला खिळलेली. त्याच तापाने आधी बाळ नेलं, दुसऱ्या दिवशी सासू. "भिंतीजवळ ठेवलंय," एवढंच नवरा यूअन म्हणाला. यंदा तो गेला, पण तोवर या विषयावर त्याच्या तोंडाला कुलूप होतं.

चर्चचं छप्पर कधीच उडालं होतं. आत अंगाची आग करणारी झुडपं माजलेली. भिंतीलगत किनाऱ्यावरचे बिननावाचे धोंडे, प्रत्येकाखाली कुणाचं तरी तान्हं.

"यातला कुठला रे?"

फारकरने घाईघाईने एक दाखवला. मारसली कण्हत खाली बसली, धोंड्यावरून हात फिरवू लागली. फारकरला ते बघवेना.

"ऊठ वहिनी. तो नाही. बाळ आमच्या आईपाशी आहे. तिच्याच पेटीत. तुला सांगायची आमची छाती झाली नाही."

मारसलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या बेटावरची सून म्हणून जिने तिच्या हातचा चहा घेतला नाही, नातवाला एकदा मांडीवर घेतलं नाही, तिच्यापाशी?

"पन्नास वर्षं फसवलंत मला! त्या बाईच्या गळ्यात माझं लेकरू बांधलंत?"

"तिनंच मागितलं, वहिनी. बाळ गेल्याचं कळलं तेव्हा म्हणाली, त्याला एकट्याला धाडू नका. मी निघालेच आहे, घेऊन जाते."

मारसली सासूचं नाव कोरलेल्या दगडापाशी चालत गेली आणि तिथे मनसोक्त रडली. मग नाक पुसून म्हणाली,

"दोन महिन्यांचं होतं रे. मान धरत नव्हतं अजून."

"डोकं तिच्या दंडावर टेकवलंय," फारकर म्हणाला. "मी स्वतः."